टेकू आणि प्रक्षेप

पाठचिकित्सा शिकवताना मूळ संहिता आणि प्रक्षेप यांची चर्चा मी अनेक वर्षे वर्गात करीत आलो आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्यांनी तीत आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले, हे सांगताना माझा कल नेहमीच मूळ राखणाऱ्यांकडे असे. बाबांच्या मोटारीचा कार्बोरेटर काढून तिला इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन बसवण्याचा विषय घरात निघाला, तेव्हा हा कल प्रथमच अडचणीचा वाटला.

मोटार म्हणजे १९७५ साली नोंदलेली प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली. मुंबईच्या टॅक्सींतून तिची जात ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा बाबांनी त्या बातमीचे कात्रण काढून ठेवले होते. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत आणि समोर चोकचे बटन. हे बटन किती ओढायचे हे बाबा बोटांनी मोजतात : डिसेंबरात दोन बोटे, मार्चात अर्धे. चामोर्शीहून मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या यात्रेला जायचे ते याच गाडीने, असा त्यांचा शिरस्ता. ऐंशी ओलांडल्यावरही तो मोडायची त्यांची तयारी नाही.

अडचण इंधनाने आणली. कार्बोरेटरची युक्ती मोठी सुंदर आहे. हवेच्या वाटेत एक अरुंद गळा असतो. हवा त्यातून वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. पण छिद्राचे माप एकदा ठरले की ठरले. निव्वळ पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. म्हणजे पंपावर वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण आले की तेवढ्याच हवेला अधिक इंधन हवे, आणि जुन्या छिद्राला हे कळण्याचा मार्ग नाही. गाडी चढावर अडखळू लागली. रबरी नळ्या फुगून चिरल्या. नळ्या बदलता आल्या, अडखळणे गेले नाही. मिस्त्री म्हणाला, ‘‘सर, जेट मोठा टाकून देतो, चालते.’’ तोही एक मार्ग होता, आणि अनेकांना तो पुरतो. पण माझ्या भाच्याने हट्ट धरला. ‘‘मामा, आबाजींना रस्त्यात बंद पडणारी गाडी देता का?’’ या प्रश्नाला माझ्या पाठचिकित्सेत उत्तर नव्हते.

आणखी एक पेच होता. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खाजगी मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘विंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांत चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आमच्या पद्मिनीने पन्नाशी नुकतीच गाठली होती. मान हवा असेल तर गाडीने शोभेला बसायचे, चालायचे असेल तर मान सोडायचा. बाबांनी क्षणभरही विचार केला नाही. परिवहन कार्यालयात रीतसर विचारणा करून आम्ही कामाला लागलो.

अमेरिकेत अशा बदलासाठी तयार संच मिळतात. त्यांतले पुष्कळसे दिसायला हुबेहूब कार्बोरेटर : वर तसेच हवेचे गाळणे, तसाच घाट, आत मात्र इंजेक्टर आणि संगणक. ते मोठ्या आठ सिलिंडरच्या इंजिनांसाठी असतात, आमच्या कामाचे नव्हते. पण त्यांची छायाचित्रे पाहताना मला आमच्या शास्त्रातला प्रक्षेप आठवला. मूळ कवीच्या छंदात, त्याच्याच नाममुद्रेने घुसवलेली ओवी. आणि त्याच्या उलट आठवला मार्कंडेश्वराचा मंडप. वीज पडून शिखराचा माथा मंडपावर कोसळला आणि पुढे एका गोंड राजाने ते बांधकाम सावरले, असे जुन्या वृत्तान्तांतून सांगितले जाते. त्या डागडुजीचे जाड, बिनकोरीव खांब विद्यार्थिदशेत माझ्या डोळ्यांना खुपत; इतक्या नाजूक मूर्तींच्या मेळ्यात हे आडदांड कोण, असे वाटे. आता वाटते, त्या राजाने लबाडी केली नाही. ते टेकू आहेत आणि टेकूसारखेच दिसतात.

म्हणून भाच्याला मी एवढेच सांगितले, की लपवू नकोस. मारुती ८०० ला २००० च्या सुमारास इंजेक्शन आले. तसल्याच भंगारातल्या एका छोट्या गाडीची थ्रॉटल बॉडी त्याने मिळवली. जुना यांत्रिक पंप जेमतेम पाव बार दाब देतो, इंजेक्टरला तीन लागतात. म्हणून विजेचा पंप आणि पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी आली. धुराड्याच्या नळीला प्राणवायू मोजणारा संवेदक जोडला. नियंत्रक स्पीडुइनो नावाचा, ज्याची रचना सर्वांना खुली आहे. काळ्या तारा बॉनेट उघडताच दिसतात. मूळ कार्बोरेटर तेलाच्या फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला आहे. इंजिनाला नवे भोक पाडलेले नाही. कुणाला वाटले तर दोन दिवसांत सारे पूर्ववत होईल.

मग सुरू झाले खरे संपादन. नियंत्रकात १६ आडव्या, १६ उभ्या अशा २५६ चौकटींचा तक्ता असतो; इंजिनाचा वेग आणि आतला दाब यांच्या प्रत्येक जोडीला किती इंधन, ते तिथे भरायचे. भाचा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसे, मी गाडी चालवी, बाबा मागे. मार्कंड्याच्या रस्त्यावर दोन-तीनदा असे झाले की बाबा म्हणाले, ‘‘उपाशी आहे रे,’’ आणि पुढच्या क्षणी पडद्यावरचा आकडा तेच सांगू लागला. प्लग काढून त्याचा रंग पाहून, पांढरट म्हणजे इंधन कमी, काजळी म्हणजे जास्त, हे ते पन्नास वर्षे वाचत आले होते. मला भीती होती की या यंत्राने त्यांची ही विद्या निकामी होईल. काही अंशी ती झालीच. यापुढे गाडी सुरू करायला कुणीही चालेल, तिचा स्वभाव जाणणारा माणूस लागणार नाही. हे नुकसान मला आजही खरे वाटते आणि त्याची भरपाई डिकीतल्या कार्बोरेटरने होत नाही.

गार इंजिन सुरू करताना जादा इंधन किती द्यायचे, याचा तक्ता वेगळा असतो. भाच्याने तो कोरा ठेवून बाबांसमोर धरला. ‘‘आबाजी, डिसेंबरात दोन बोटं म्हणजे किती?’’ बाबांनी निरुपयोगी झालेले चोकचे बटन ओढून दाखवले, भाच्याने पट्टीने मोजले. त्यावरून अंदाजाने आकडे भरले आहेत. मार्च ते ऑक्टोबर ठीक जमले. थंडीच्या ओळी अजून तपासायच्या आहेत.