जिभेवरचं पाणी

चैत्रात रत्नागिरीच्या सड्यावर काजूचं झाड दिसण्याआधी त्याच्या बोंडांचा आंबूस-गोड दरवळ भेटतो. जांभ्या दगडावर बोंडं विखुरलेली असतात. काही रात्री वटवाघळांनी चोखून टाकलेली. त्यातलं एखादं पिवळंजर्द बोंड उचलावं, बी पिरगळून काढावी आणि हलकेच दात रोवावेत.

आधी रसाचा लोंढा, गोड. मग जीभ खरखरीत होते, गाल आत ओढले जातात. बोंड तुरट आहे, असं आपण म्हणतो. पण इथे क्षणभर थांबू या. लाळेत शंभरातले नव्व्याण्णव भाग पाणीच. सारी किमया उरलेल्या एका भागाची. त्यातली प्रथिनं जिभेवर सायीहून तलम, निसरडी ओल धरून असतात. बोंडातली टॅनिनं त्यांना बिलगतात, दोघांच्या गुठळ्या होतात आणि ती ओल विरते. आपल्याला जाणवते ती पांघरूण गेलेली जीभ. तुरट हा आपल्या षड्रसांतला एक; तरी तो चवीइतकाच स्पर्शही आहे.

मग कानांपुढून, जबड्याखालून, जिभेखालून झरे पुन्हा पाझरू लागतात. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर पाणी असं न बोलता येत असतं. कोरड्या जिभेवर साखरेचा कणही मुका राहतो. विरघळेल तेव्हाच तो बोलतो. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने जिभेवरच्या या ओलाव्याला ‘बोधक’ म्हटलं, रसाची जाग आणणारा. इतकं नेमकं नाव मला दुसरं सुचत नाही.

आणि उकड्या तांदळाची पेज! तिचं शीत घाईने गिळलं तर नुसतं शीतच. चावत राहिलं, तर लाळेतलं अमायलेज पिष्टाच्या लांब साखळ्या तोडत जातं आणि माल्टोजची मंद गोडी उमलते. लाळ पिष्टाची साखर करते, हे जर्मनीत लॉइक्स यांनी १८३१ मध्ये नोंदवलं.

आमच्या आजीचे दात केव्हाच गेले होते. पडवीत बसून ती पेजेचा एकेक घास हिरड्यांवर घोळवत राही, डोळे मिटून. “गोड लागता रे,” म्हणायची. तिच्या पेजेत गूळ असणार, असं मला वाटे. एकदा ती पाणी आणायला उठली, तेव्हा मी तिच्या वाटीत बोट बुडवून चाखलं. नुसतं मीठ होतं.