घर दाखवण्याआधी फाईल उघडा!

शेजारच्या इमारतीतला फ्लॅट खरोखर कितीला गेला, हे घरबसल्या पाहता येतं. सरकारी संकेतस्थळावर, एक रुपयाही न भरता! मी घरं विकून देण्याच्या व्यवसायात नवी आहे. महारेरानं 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, त्याच वाटेनं मी या कामात आले. पण हा शोध लागल्यापासून मी इतकी भारावून गेले आहे, की भेटेल त्या एजंटाला थांबवून सांगत सुटले आहे. आता तुम्हालाही सांगते.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सेवा आहे. वर्ष निवडायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, सर्व्हे नंबर किंवा मिळकत क्रमांक टाकायचा आणि कॅप्चा भरायचा. नोंदणी झालेल्या दस्तांची यादी समोर येते. त्यातल्या एकावर बोट ठेवलं की उघडते सूची क्रमांक दोन, आपली इंडेक्स टू. अहो, काय कागद आहे तो! एका पानात अख्खा व्यवहार. विलेखाचा प्रकार, त्याखाली मोबदला, त्याखाली बाजारभाव. मग घराचं वर्णन, क्षेत्रफळ, कुणी दिलं, कुणी घेतलं, दस्त कधी झाला, मुद्रांक शुल्क किती भरलं. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत आणि बाजारभाव म्हणजे सरकारी रेडी रेकनरनुसार निघणारी किंमत. मोबदल्याला क्षेत्रफळानं भागा, की चौरस फुटाचा दर हातात! फक्त क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्टअप, ते नीट वाचा आणि चौरस मीटरमध्ये असेल तर 10.764 नं गुणून घ्या. नाहीतर दोन घरांची तुलनाच चुकते.

याचा उपयोग कुठे होतो? भाव ठरवण्याच्या सगळ्यात नाजूक बैठकीत. कोथरूडमधल्या एका काकांना त्यांच्या घराचे जे पैसे हवे होते, ते त्यांनी कट्ट्यावर ऐकलेल्या आकड्यावरून ठरवले होते. मी वाद घातला नाही. त्यांच्याच गल्लीतल्या गेल्या दीड-दोन वर्षांतल्या इंडेक्स टू छापून टेबलावर मांडल्या. काकांनी चष्मा लावला, प्रत्येक कागदावरची तारीख आणि मोबदला बोटानं टिपत गेले, शेवटी म्हणाले, "ताई, मग आपण इथून सुरुवात करू." भाव त्यांनीच ठरवला, आणि तो भाव बाजारात टिकणारा होता. घासाघीस करायला गिऱ्हाईक आलं तेव्हाही तेच कागद कामाला आले.

तिथूनच मला या व्यवसायाचं मर्म सापडलं. विक्री घर दाखवायच्या दिवशी होत नाही, ती त्याच्या आधी फाईल लावताना होते. फाईल पूर्ण असेल तर खरेदीदाराचा वकील खूश, बँक खूश आणि सौदा झरझर पुढे सरकतो. म्हणून हल्ली जाहिरात टाकण्याआधी मी मालकासोबत बसून फाईल लावते. बिल्डरकडून झालेल्या पहिल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतची सगळी चेन, प्रत्येक दस्ताची इंडेक्स टू आणि नोंदणीची पावती. भोगवटा प्रमाणपत्र. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, त्यावर मागच्या बाजूला आजच्या मालकाच्या नावाची नोंद आहे ना, हे उलटून पाहायचं. मिळकत कराची आणि मेंटेनन्सची ताजी पावती, वीजबिल, पार्किंगचं पत्र. घरावर कर्ज असेल तर बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि बँकेत जमा असलेल्या मूळ कागदांची यादी. सोसायटीचं कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झालंय का, हेही विचारून ठेवायचं, कारण जाणकार खरेदीदार ते विचारतोच.

आणि मालक हयात नसतील तर? इथे सर्वात जास्त काळजी घ्या, आपल्याकडे असंख्य घरं इथेच अडकतात. वडिलांनी नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव दिलं, सोसायटीनं सर्टिफिकेट त्याच्या नावावर केलं, म्हणून तो एकटा मालक होत नाही. सोसायटीच्या दप्तरी सदस्य म्हणून नाव लागणं वेगळं आणि वारसाहक्क वेगळा. बहिणींचे, आईचे हक्क उभेच असतात. मग एकतर सगळ्या वारसांनी दस्तावर सह्या करायच्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. परदेशातल्या बहिणीचं कुलमुखत्यारपत्र यायला वेळ लागतो. हे काम गिऱ्हाईक येण्याआधी सुरू झालं, तर त्याला ताटकळावं लागत नाही आणि घरातल्या माणसांनाही घाईघाईत सह्या कराव्या लागत नाहीत.

पैशांचा हिशेबही पहिल्या बैठकीतच मांडायचा. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरतो. म्हणजे 80 लाखांच्या घरात 80 हजार रुपये थेट हातात येणार नाहीत, ते कराच्या खात्यात जमा दिसतील. घर विकणाऱ्या काकूंना हे आधी सांगितलं की त्या निर्धास्त असतात. विक्रेता अनिवासी असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागतच नाही, कपात बरीच मोठी असते. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळू शकतं, पण त्याला वेळ लागतो, म्हणून सीएकडे पहिल्याच आठवड्यात पाठवायचं. घर 24 महिन्यांहून अधिक काळ नावावर असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरतात. 23 जुलै 2024 पासून त्यावर इंडेक्सेशनशिवाय 12.5 टक्के कर आहे, आणि त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह 20 टक्क्यांचा पर्यायही ठेवलाय. दोन्ही हिशेब सीएकडून काढून घ्यायचे. त्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सवलत मिळते. हे ऐकल्यावर कित्येक घरांत पुढच्या घराचं बोलणं तिथल्या तिथे सुरू होतं!

सोसायटीच्या ट्रान्सफरचंही तसंच. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम जास्तीत जास्त 25 हजार रुपये घेता येतो. 2001 च्या शासन परिपत्रकातली ही मर्यादा आहे. सेक्रेटरींना लवकर भेटा, फॉर्म आणा, ना-हरकत पत्राचा मजकूर खरेदीदाराच्या बँकेला चालेल असा आहे का, ते पाहून घ्या.

फाईल लागली की मग घराकडे वळायचं, आणि इथे तर मजाच मजा आहे! घर कोणत्या वेळी सुंदर दिसतं, हे त्यात राहणाऱ्या माणसाला विचारा. पूर्वेची गॅलरी असेल तर सकाळी नऊला बोलवा, पश्चिमेचा हॉल असेल तर चारनंतर. फोटो काढताना पडदे बाजूला, सगळे दिवे चालू, मोबाइल आडवा आणि छातीच्या उंचीवर. दारामागचे कपडे, फ्रिजवरचे डबे, गॅलरीतल्या जुन्या कुंड्या हलवल्या की तीच खोली मोठी वाटते. गळका नळ, सैल कडी, बंद पडलेली ट्यूब आधी दुरुस्त करा. मुख्य दाराची दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर पाहून ठेवा, वास्तूचा प्रश्न येतोच. पाणी किती वाजता येतं, लिफ्टला जनरेटर आहे का, जवळची शाळा कोणती, उत्तरं तयार हवीत.

आणि दोष? तो आपणच आधी सांगायचा! धनकवडीतल्या एका वरच्या मजल्यावरच्या घरात बेडरूमच्या कोपऱ्यात पूर्वी ओल होती. रंग देऊन झाकणं सोपं होतं. आम्ही सोसायटीनं करून घेतलेल्या टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं बिल आणि वॉरंटीचा कागद फाईलमध्ये लावला. बघायला आलेल्या कुटुंबाला मी आधी त्याच कोपऱ्यात नेलं. सोबतच्या आजींनी भिंतीवर तळवा टेकवला, दोनदा फिरवला, मग बिलावरची तारीख वाचली. "पावसाळा काढलाय म्हणजे हिनं," असं म्हणून त्या स्वयंपाकघर बघायला निघाल्या. पुढचे सगळे प्रश्न माळा, ओटा आणि देवघराचे होते!

टोकन घेताना चेक किंवा ऑनलाइनच घ्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला कायद्यानं मनाई आहे. विसार पावतीवर एकूण किंमत, पुढच्या हप्त्यांच्या तारखा, ताब्याचा दिवस, घरात काय-काय राहणार आणि कर्ज नामंजूर झालं तर टोकनचं काय, हे सगळं लिहा. गिझर आणि पंख्यांवरूनही शेवटच्या दिवशी वाद होतात, म्हणून त्यांचीही नोंद करा. खरेदी फक्त महिलेच्या नावावर होत असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. खरेदीदाराला हे सांगा. त्याचे पैसे वाचले तर आपल्या विक्रेत्याचाही सौदा लवकर पक्का होतो.

लोक आपल्याला एक-दोन टक्के दलाली देतात, ती कुलूप उघडून खोल्या दाखवण्याची नव्हे. ज्या घरावर कुणी अर्धं आयुष्य हप्ते भरले, ते घर योग्य भावात, स्वच्छ कागदांनी, घरातलं कुणीही न दुखावता दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची ती दलाली आहे. त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती सगळ्यांसाठी खुली आहे, हे कळल्यापासून मला हा व्यवसाय फार मोलाचा वाटायला लागलाय. तुमच्याकडे आत्ता विक्रीला असलेलं एक घर निवडा, त्याचा मिळकत क्रमांक घ्या आणि आज रात्री ई-सर्च उघडून बसा. उद्या मालकांना फोन कराल, तेव्हा "किती अपेक्षा आहे?" याच्याही आधी विचारा, "काका, घराची फाईल कुठे ठेवलीय? मी येते, आपण मिळून लावू."