पहिली रायफल कोणती घ्यायची, आणि कुणी घ्यायची?

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं आणि तेव्हापासून माझ्या फोनवर एक प्रश्न ठरलेला आहे. "दादा, पोरीला शूटिंगला घातलंय. रायफल कोणती घेऊ?" विचारणारे कधी शिक्षक असतात, कधी दूध संघातले, कधी ऊसवाले शेतकरी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा ऑलिंपिकच्या पोडियमवर उभा राहतो म्हटल्यावर आपल्या भागातल्या आईबापांना उमेद येणारच. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. माझी मुलगी चार वर्षं नेमबाजी करते, एवढ्यावर लोक मला जाणकार समजतात. जे कळलंय ते एकदा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण लाखभरापेक्षा जास्त पैसे घालायच्या आधी दहा मिनिटं वाचायला हरकत नाही.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करू. स्वप्नीलचं पदक ५० मीटर थ्री पोझिशनमधलं. आपल्या तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं तेही ५० मीटरमध्येच, प्रोन प्रकारात. तिथं पॉइंट टू टू रायफल, खरी काडतुसं आणि परवाना लागतो. तुमचं पोर सुरुवात करणार ते १० मीटर एअर रायफलनं. अभिनव बिंद्राचं २००८ चं बीजिंगचं सुवर्ण याच प्रकारातलं, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत जागतिक विजेता झाला तोही याच प्रकारात. ही रायफल दाबाखालच्या हवेवर चालते, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. या मापाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. सामन्याची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपास असते. म्हणून ती खेळणं होत नाही. बिल जपून ठेवा, क्लबचं पत्र सोबत असू द्या, पेटीला कुलूप हवंच.

आता खेळ किती बारीक आहे ते बघा. दहा मीटरवर उभं राहून मारायचं, आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. टोक काढलेल्या पेन्सिलीनं कागदावर टेकवून उचलावं, तेवढा. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट ७५ मिनिटांत संपवायचे. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. पोडियम दशांशावर ठरतो. हे ऐकलं की कुठल्याही बापाला वाटतं, मग रायफल सगळ्यात भारीच पाहिजे. दुकानदारालाही तेच वाटत असतं.

वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ या जर्मन कंपन्या, स्टायर ऑस्ट्रियाची, पारदिनी इटलीची. यातली कुठलीही चांगल्या अवस्थेतली सामन्याची रायफल शिकंजात घट्ट बांधा आणि तिला मानवणारे छर्रे मारा, दहा मीटरवर ती एकाच भोकात छर्रे घालत राहते. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याला लागणारी अचूकता रायफलीत पहिल्या दिवसापासून असते. ती पोराच्या अंगात यायला काही वर्षं लागतात. दोन लाखांच्या आणि चार लाखांच्या रायफलीत फरक असतो तो बटच्या साहित्यात, अ‍ॅडजस्टमेंटच्या सोयीत, ट्रिगर मेकॅनिकल आहे की इलेक्ट्रॉनिक यात. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यातला एकही फरक स्कोअरकार्डवर दिसत नाही.

दिसतं ते काय? रायफल अंगाला बसते की नाही ते. बटची लांबी, चीकपीसची उंची, बटप्लेटचा कोन, हँडग्रिप. डोकं न वाकवता डोळा मागच्या साइटसमोर आपोआप आला पाहिजे. डावं कोपर कमरेवर टेकलं पाहिजे, वजन हाडांवर उतरलं पाहिजे, स्नायूंवर नाही. नियमानं रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. पण ३८ किलोच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात पाच किलोची रायफल देऊन रोज दोन तास उभं केलं तर आधी कंबर धरते, मग खेळ सुटतो. म्हणून कंपनीच्या नावाआधी वजन विचारा, आणि बट किती लहान होतो ते विचारा.

माझ्या मुलीनं पहिली दोन वर्षं क्लबची रायफल वापरली. चार पोरांत एक. कोचनं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना वही घ्यायला लावली. बटवर आकड्यांच्या खुणा असतात. प्रत्येकानं आपले आकडे वहीत लिहायचे, आपली पाळी आली की तसं लावून घ्यायचं, दोन मिनिटांत काम. वर्षभरात ते आकडे पाच वेळा बदलले, कारण पोरगी वाढत होती. स्वतःची रायफल घ्यायची वेळ आली तेव्हा आम्हाला काय पाहिजे ते त्या वहीत लिहिलेलं होतं. कॅटलॉग बघायची गरजच पडली नाही.

तेव्हा माझा क्रम असा आहे.

पहिलं वर्ष रायफल घेऊ नका. घ्यायचंच असेल तर जॅकेट घ्या. कॅनव्हास आणि लेदरचं ते ताठ जॅकेट उभं राहताना पाठीला आधार देतं. त्याची जाडी आणि ताठपणा दोन्ही नियमात बसावं लागतं, मोठ्या स्पर्धेत उपकरण लावून तपासतात. दुसऱ्याचं जॅकेट म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. भारतात बनलेला जॅकेट-ट्राउझरचा सेट वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मिळतो, परदेशी त्याच्या दुप्पट-तिप्पट. वाढत्या पोराला परदेशी घेऊ नका, दोन वर्षांत आखूड होतो. सोबत ग्लोव्ह आणि सपाट तळाचे शूज. आणि हो, डोळे तपासून घ्या. पोराला लांबचं धूसर दिसतंय हे कित्येक घरांत रेंजवर आल्यावरच कळतं.

मग छर्रे, म्हणजे रेंजच्या भाषेत पेलेट. हा खर्च कुणीच आधी सांगत नाही. रोज ८० शॉट, महिन्यात २४ दिवस, म्हणजे जवळपास १९०० पेलेट. पाचशेचा डबा धरला तर महिन्याला चार डबे. चांगला परदेशी पेलेट साधारण तीन-चार रुपयांना एक पडतो. सगळा सराव त्यावरच केला तर महिन्याला सहा-सात हजार, वर्षाला पाऊण लाखाच्या घरात. चार वर्षांत रायफलीएवढे पैसे छर्‍यांत जातात. म्हणून सरावाला स्वस्त पेलेट, स्पर्धेला चांगले, आणि रोजच्या सरावाचा मोठा भाग ड्राय, म्हणजे छर्रा न घालता. सामन्याच्या रायफलीत त्याची सोय असते. ड्रायला एक रुपया लागत नाही आणि ट्रिगर त्यातूनच शिकला जातो.

पेलेटची आणखी एक गंमत. डब्यावर डोक्याचं माप असतं, ४.४९, ४.५०, ४.५१. तीच कंपनी, तेच माप, पण बॅच बदलली की तुमच्या बॅरलला ती मानवेलच असं नाही. रायफल बांधून प्रत्येक बॅचचे दहा-दहा शॉट मारायचे, जिचं भोक सगळ्यात लहान ती बॅच घ्यायची, आणि जमलं तर वर्षभराची एकदम घ्यायची. नवी रायफल घेण्यापेक्षा या एका दुपारच्या कामानं जास्त दशांश मिळतात. पेलेट शिशाचे असतात, तेव्हा रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय पोराला डब्याला हात लावू देऊ नका.

तिसरी गोष्ट हवा. सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत भरतात. पुण्या-मुंबईत प्रश्न नाही, पण तालुक्याच्या गावी भरणार कुठं? रेंजवर कॉम्प्रेसर किंवा मोठा सिलिंडर आहे का, हे रायफल घ्यायच्या आधी बघा. हातपंप मिळतो, पण घाम काढतो, आणि ओलसर हवा आत गेली तर सील खराब होतात.

आता रायफल. दीड-दोन वर्षं पोर टिकलं, जिल्हा आणि राज्य स्पर्धा खेळलं, सकाळी न उठवता उठायला लागलं, तर घ्या. आणि पहिली रायफल वापरलेली घ्यायला लाजू नका. नव्या परदेशी रायफलीला दोन-अडीच लाखांपासून चारच्या पुढं सांगतात. सीनियर खेळाडू पुढचं मॉडेल घेतात तेव्हा जुनी त्याहून पुष्कळ कमी किमतीत मिळते. तीन गोष्टी तपासा. सिलिंडरवरची तारीख, कारण कंपन्या त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. भरून रात्रभर ठेवल्यावर दाब उतरतो का. आणि मूळ बिल. आम्ही तशीच घेतली, सिलिंडर तेवढा नवा घातला. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, महागडे साइट, संगणकावर नेमाची रेष दाखवणारं यंत्र, हे सगळं नंतर. क्लबमध्ये असेल तर वापरा, घरी नको.

इथवर वाचून झालं असेल तर आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती सांगतो.

माझ्या मुलीच्या बॅचला एक मुलगी होती. वडील टेम्पो चालवायचे. माझ्या मुलीपेक्षा ती शांत होती आणि सरस मारायची. क्लबच्या रायफलीवर, उसन्या जॅकेटमध्ये, ६०० च्या वर जायची. काही ठिकाणी असतो तसा तिथंही नियम होता, दोन वर्षांनी स्वतःची रायफल आणा, नव्या पोरांना जागा करून द्या. क्लबचंही चुकत नव्हतं. रायफली दोनच, पोरं वीस. वडिलांनी चौकशी केली, फायनान्सवाल्याकडं जाऊन आले, आणि एका सोमवारपासून ती यायची बंद झाली. आता अकरावीला आहे, भेटली की हसते.

त्याच काळात एका सरकारी क्रीडा संकुलात मी कामासाठी गेलो होतो. नाव घेत नाही. तिथल्या लोखंडी कपाटात चांगल्या कंपनीच्या चार रायफली होत्या. सील गळत होते, सिलिंडरची मुदत संपलेली, दुरुस्तीसाठी हेड नाही, म्हणून कुलूप. चार रायफलींचे सील आणि सिलिंडर बदलायचा खर्च एका नव्या रायफलीपेक्षा नक्कीच कमी आला असता.

स्वप्नीलचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला महत्त्वाचा भाग सोडून देतात. तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला. कोवळ्या वयात त्याच्या पाठीशी एक सरकारी योजना उभी होती, राहण्याची, शिकण्याची आणि रेंजची सोय होती. पुढं रेल्वेची नोकरी आली. त्याचे कष्ट त्याचेच, पण सुरुवातीचा सगळा भार एकट्या घरानं उचलायचा नव्हता. पदकानंतर राज्यानं त्याला कोटींत बक्षीस दिलं ते योग्यच केलं. मला फक्त एक गणित मांडायचंय. रायफल, दोन मापांची जॅकेटं, जादा सिलिंडर असा पूर्ण संच चार लाखांचा धरला, तर एक कोटीत २५ संच होतात. एका संचावर चार पोरं म्हणजे शंभर पोरं. दर दोन-तीन वर्षांनी नवी शंभर.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या रेंजवर लहान होणाऱ्या बटच्या किमान सहा चालू रायफली, एक कॉम्प्रेसर, आणि दरवर्षी देखभालीसाठी वेगळी रक्कम. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण खरेदीचा फोटो निघतो, सीलचा निघत नाही. आणि राज्य स्पर्धेत ठरावीक स्कोअर करणाऱ्या पोराला रायफल नोंद करून दोन वर्षांसाठी घरी न्यायला द्या, वाचनालयातलं पुस्तक देतात तशी. जिल्हा नियोजन समितीकडं क्रीडा विभागाचा निधी जातो. पालकांनी एकत्र येऊन लेखी मागितलं तर पालकमंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं. एकट्यानं मागितलं तर "बघू".

तेव्हा मंडळी, यापुढं रायफल कोणती विचारायला फोन कराल तर मी आधी उलट विचारणार आहे. तुमच्या जिल्ह्याच्या रेंजवर रायफली किती आहेत, त्यातल्या चालू किती, आणि हवा कुठं भरतात? ज्यांना माहीत आहे त्यांनी खाली जिल्ह्याच्या नावासकट लिहा. ज्यांना नाही त्यांनी या शनिवारी जाऊन बघून या. यादी झाली की निवेदनाचा मसुदा मी टाकतो, सह्या तुम्ही गोळा करा.