या रविवारचा उतारा

तर झालं असं की २०२५ चा पाडवा रविवारी आला, ३० मार्चला. सोमवारी ईदची सुट्टी. असा जोडून आलेला विकेंड पुण्यातला कुठलाही गाववाला सोडत नाही. मी सोडला. रिलीज आहे म्हणून ढाणकीला फोनवर सांगून टाकलं. रिलीज वगैरे काही नव्हतं. दादाशी बिनसलं होतं.

माझा रूममेट वसईचा, कॅथलिक. इथल्या चर्चमधल्या मराठी मिस्सेत तो वाचक आहे. शनिवारी रात्री तो उद्याची वाचनं मोठ्याने वाचून बघतो आणि मी आयता श्रोता. आधी मला वाटायचं, प्रॅक्टिस चाललीय. नंतर कळलं, त्यांच्या घरची ही जुनी सवय. शनिवारी जेवणं झाली की उद्याचा उतारा वाचायचा आणि प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. कुठला शब्द अडकला? या गोष्टीत मी कोण? या आठवड्यात मी काय करणार? तो म्हणतो, धर्मशिक्षणाच्या वर्गात उत्तरं पाठ झाली, पण धर्म थोडाफार कळला तो जेवणानंतरच्या त्या अर्ध्या तासात.

आम्ही पडलो इंजिनियर. माझा पहिला प्रश्न, उतारा ठरवतं कोण? तर त्याचं वेळापत्रक असतं. पूर्वी तीच वाचनं दर वर्षी फिरून यायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या कानावर बायबल जास्त पडावं असं ठरवलं आणि १९६९ मध्ये रविवारसाठी तीन वर्षांचं चक्र आलं. अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. योहान मुख्यतः ईस्टरच्या आगेमागे. दर रविवारी पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन आणि शेवटी शुभवर्तमान. थोडक्यात, तीन वर्षांनी फिरून येणारा क्रॉन जॉब! आपल्या मनाने पुस्तक उघडलं तर आपण सोयीचंच पान उघडतो, इथे समोर येईल ते वाचावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

मला हे ओळखीचं वाटलं. चातुर्मासात आमच्याकडे देवळात पोथी लागायची, तिथेही आजचा अध्याय म्हणजे आजचाच. आणि मराठीत तर हे चारशे वर्षांचं आहे. फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं आणि गोव्यात साष्टीच्या चर्चमध्ये रविवारी मिस्सेनंतर ते वाचलं जायचं.

असो. २९ मार्चची रात्र. टेबलावर फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल'. (हो तेच, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.) क वर्ष, प्रायश्चित्तकाळाचा चौथा रविवार. पहिलं वाचन यहोशवाचं. वाळवंटात मिळणारा मान्ना बंद होतो आणि लोक पहिल्यांदा त्या जमिनीत पिकलेलं खातात. दुसरं पौलाचं, जुनं सरून नवं होण्याबद्दल. "पाडव्याला शोभतंय की," मी म्हटलं. मग शुभवर्तमान, उधळ्या मुलाची गोष्ट.

ती तुम्हालाही माहीत असेल. धाकटा वाटणी मागून दूर जातो, पैसा उडवतो, उपाशी परत येतो, बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. मी आरामात ऐकत होतो. आपण कुठे काय उधळलंय? घरी दर महिन्याला पैसे पाठवतो. मग थोरला आला. तो शेतातून येतो. घरात गाणं-बजावणं चाललेलं आणि काय आहे हे त्याला चाकराला विचारावं लागतं. घरच्या माणसाला!

माझा शब्द तिथे अडकला. शेतातून.

महिन्यापूर्वी दादा फोनवर म्हणाला होता, "तू पैसे पाठवतं, पण बाबाले दवाखान्यात कोण नेते?" मी म्हटलं, "हिशोबच काढायचा तर मीही काढतो." तेव्हापासून बोलणं बंद. माझ्या इंजिनियरिंगसाठी दोन एकर विकले होते, ते मात्र माझ्या हिशोबात कधीच आले नव्हते. वाटणी मी केव्हाच घेऊन आलो होतो, फक्त तिला वाटणी म्हणत नव्हतो.

"मग थोरला आत गेला का?" रूममेटने विचारलं. मी पान उलटून बघितलं. बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतोय आणि गोष्ट तिथेच संपते. पुढचं लूकने लिहिलेलंच नाही.

"म्हणून तिसरा प्रश्न," तो म्हणाला.

पाडव्याच्या सकाळी फोन लावला. "काहून रे, सण आठवला का?" दादाचा आवाज कोरडा. हळद शिजवून उन्हात घातली होती, मजूर मिळत नव्हते. मी सॉरी म्हणायची तयारी केली होती, ती तशीच राहिली. म्हटलं, "दादा, आज निघतो. हळद पलटायला येतो."

थोडा वेळ काहीच नाही. मग, "तुले जमते का ते?"

फारसं जमलं नाही. पण मंगळवारी रजा टाकली, दोन दिवस त्याच्यासोबत उन्हात काढले आणि दोन एकरांचा विषय मीच काढला. त्याने ऐकून घेतलं. सगळं मिटलं असं नाही म्हणणार.

मी कॅथलिक नाही, होईन असंही वाटत नाही. तरी शनिवारी रात्री ऐकायला बसतो, तिन्ही प्रश्नांसकट. तो चौथा रविवार लूकची हीच गोष्ट घेऊन पुन्हा येईल २०२८ मध्ये. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय देईन, बघू.