राब

शहापूर-मुरबाडकडे भाताच्या वर्षाची सुरुवात उन्हाळ्यातच होते. वरकस जमिनीवरच्या ऐन-किंजळाच्या झाडांची टहाळं तोडून वाळवायची, डोक्यावरून खाचरात आणायची. खाली शेण, वर टहाळ, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. पेटवायचं वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग सावकाश सरकते आणि जमीन नीट भाजते. तणाचं बी मरतं, राख मातीत मुरते, रोप तरारून येतं आणि उपटताना सहज सुटतं. हा राब. किन्हवलीजवळच्या आमच्या गावात तो आजीच्या अखत्यारीत होता. कुठला कोपरा कच्चा राहिला ते ती राखेच्या रंगावरून सांगायची. टहाळाचे भारे मात्र आईच्या डोक्यावर, आणि शाळेला सुट्टी लागली की आमच्याही.

या टहाळापायी मोठं भांडणही झालेलं आहे. इंग्रजांच्या जंगल खात्याने फांद्या तोडण्यावर बंधनं आणली, तेव्हा ठाणे जिल्ह्यात इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. राबासाठी रान किती ओरबाडलं जातं आणि राबाशिवाय भात कसा पिकवायचा, हे दोन्ही प्रश्न तेव्हाही खरे होते.

मी शिकलो आणि आसनगावची लोकल धरून ऐरोलीच्या एका कंपनीत डेटा सांभाळायला लागलो. एप्रिलमध्ये परतताना वासिंद सुटलं की डब्यात राबाचा वास शिरायचा. मग कंपनीत कपात झाली आणि आमची अख्खी टीम गेली. हप्ते थांबत नव्हते, अर्जांना उत्तरं येत नव्हती. आई काही विचारायची नाही, ताट वाढायची. त्या काळाबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

पुढे ओळखीतून काम मिळालं ते उपग्रहाच्या चित्रांवरून भाताचं क्षेत्र मोजणाऱ्या एका छोट्या कंपनीत. पावसाळ्यात आमच्याकडे ढग हटत नाहीत, त्यामुळे भाताच्या ऐन दिवसांत साध्या कॅमेऱ्याला नुसतं पांढरं दिसतं. रडारच्या लहरी मात्र ढगांतून आरपार जातात. युरोपने २०१४ साली सोडलेल्या सेंटिनेल-१ चा असा डेटा कुणालाही फुकट मिळतो. चिखलणी होऊन खाचरात पाणी उभं राहिलं की लहरी आरशावर पडल्यासारख्या पलीकडे निघून जातात आणि चित्रात तो तुकडा काळा येतो. रोप वाढेल तसा तो उजळतो. आधी काळा, मग उजळ असा बदल दिसला की तिथे भात.

पण उपग्रह ठरावीक दिवसांनीच डोक्यावरून जातो. काळं कधी शोधायचं? सगळ्या गावांना एकच तारीख लावून चालत नाही. माळशेजच्या पायथ्याचा पाऊस आणि आसनगावचा पाऊस सारखा नसतो. राबात बी कधी पडलं ते गावात विचारायचं आणि तिथून तीनेक आठवडे मोजायचे, की आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आली; काळं तेव्हाच शोधायचं. माझ्या नव्या नोकरीत सर्वांत उपयोगी पडलेलं ज्ञान आजीच्या हाताखाली मिळालेलं आहे, आणि ते मी अभिमानाने सांगतो.

आता काही शेतांतून राबच गेला आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी घडवलेलं सगुणा राइस टेक्निक, म्हणजे एसआरटी, आमच्याकडेही पोचलं आहे. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने पंचवीस सेंटिमीटरवर खुणा पाडून बी टोकायचं. नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहू द्यायची. तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, हे मला खटकतं. तरी रान वाचतं, आणि बायकांच्या कमरा वाचतात. आई हे पाहून म्हणाली, "वाकून वाकून जन्म गेला माझा. राब जाऊ दे खुशाल." मला तिचंच म्हणणं पटतं.

अडचण माझ्या नकाशाची आहे. या वाफ्यांवर पाणी उभं राहत नाही, त्यामुळे तुकडा काळा पडायची वेळच येत नाही, आणि उभं पीक असलेलं शेत आमच्या हिशेबात भाताचं ठरत नाही. उद्या विमा किंवा नुकसानभरपाई अशा नकाशावरून ठरायला लागली, तर नवी पद्धत धरणारा शेतकरीच त्यातून गळेल. हे होऊ द्यायचं नाही. म्हणून यंदा आमच्या शेतपाहणीच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवून घेतला: राबातलं रोप, विनाभाजणीचं रोप की टोकणी. शहापूरच्या बाजूची गावं होत आली आहेत. जुलैत सरळगावपासून पुढे मुरबाड तालुका धरायचा आहे, आणि तिथे प्रत्येक बांधावर उभं राहूनच खूण करायची आहे.