ट्रंकेची चावी ट्रंकेतच

आमच्या घरात पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तीत रेशनकार्ड, जातीचे दाखले, मुलांच्या गुणपत्रिका असे सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले असतात. 26 जुलै 2005 ला कुर्ल्यात आमच्या वस्तीत पाणी शिरले, तेव्हा आम्ही भांडीकुंडी सोडून आधी ती ट्रंक पोटमाळ्यावर चढवली. शिवाय महत्त्वाच्या दाखल्यांची झेरॉक्स गावी थोरल्या भावाकडे ठेवलेली होतीच. एकेका दाखल्यासाठी कचेरीत किती खेटे घालावे लागतात हे ज्याने भोगले आहे, तो कागदाला जिवापाड जपतो. वडिलांनी आम्हाला ही शिस्त लावली.

पण तेच आम्ही खिशातल्या फोनच्या बाबतीत मात्र गाफील राहिलो.

आमची आई 2023 च्या जानेवारीत गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. आमच्या थोरल्या मुलाने तिला व्हॉट्सअ‍ॅपवर माईकचे चित्र दाबून बोलायला शिकवले, तेव्हापासून तिचे निरोप येऊ लागले. पाऊस पडला की निरोप, शेळी व्याली की निरोप. कामाच्या गडबडीत आम्ही ते अर्धवट ऐकायचो आणि ‘नंतर ऐकू’ म्हणून सोडून द्यायचो. ती गेल्यावर मात्र रात्रपाळीहून येताना गाडीत रोज एकेक ऐकू लागलो.

त्याच वर्षी जुलैत एके सकाळी रात्रपाळीहून आलो, भिजलेला शर्ट काढला आणि झोपेच्या गुंगीत बादलीत टाकला. फोन खिशातच होता. मंडळींनी तासाभराने शर्ट पिळायला घेतला, तेव्हा त्यांच्या हाताला तो लागला. आम्ही तो पुसला, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. काही उपयोग झाला नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, “काका, बोर्ड गेलाय. बोर्ड उठला तरच आतलं मिळेल.” बोर्ड काही उठला नाही.

पुढे जुना वापरलेला फोन घेतला, त्यात तेच सिमकार्ड घातले. मुलाने आमचे गूगल खाते उघडले आणि एकेक गोष्ट समजत गेली.

नावे आणि नंबर सगळे परत आले, कारण ते खात्यात साठवलेले होते. फोटो अर्धेच आले. मे महिन्यात आम्ही पुण्याला अक्काकडे गेलो होतो, तोवरचे सगळे होते, त्यानंतरचा एकही नाही. व्हॉट्सअ‍ॅप मात्र कोऱ्या पाटीसारखे. आईचा एकही निरोप नाही.

“पप्पा, फोटोंची प्रत काढणे चालू होते,” मुलगा म्हणाला, “पण ‘फक्त वायफायवर’ असं होतं.” आमच्या खोलीत वायफाय कुठले? फोन बिचारा महिनोन्‌महिने वायफायची वाट पाहत बसला. अक्काच्या घरी ते मिळाले, तेवढ्या चार दिवसांत साठलेले फोटो वर चढले. आणि व्हॉट्सअ‍ॅपला तर खातेच जोडलेले नव्हते. ते रोज पहाटे एक प्रत फोनमध्येच ठेवते म्हणे. पण ट्रंकेची दुसरी चावी ट्रंकेतच ठेवावी, तसला तो प्रकार! फोन गेला तशी तीही गेली.

आम्ही दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. दाखला हरवला तर खेटे घालून दुसरा निघतो. आईचा आवाज कुठल्या कचेरीतून काढायचा?

तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. आई अधूनमधून घरच्या ग्रुपवरही बोलायची, ते तिच्या फोनात तसेच होते. सगळे मिळून अकरा निरोप निघाले. एकात आई म्हणते, “लेकरा, पावसाचं जपून जा. पैशाचं मनाला लावून घेऊ नको.” आमच्यापुरते तिने पाठवलेले बाकीचे सगळे गेले, ते गेलेच.

असो. आमच्यासारखे आणखी कुणाचे होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘चॅट्स’ आणि त्यात ‘चॅट बॅकअप’ आहे. तिथे गूगल खाते जोडावे आणि रोजची किंवा आठवड्याची प्रत ठरवावी. घरी वायफाय नसेल तर मोबाईल डेटावरही प्रत निघेल असे करून ठेवावे, नाहीतर महिन्यातून एकदा वायफाय असलेल्या नातलगाकडे बसून हे काम उरकावे. गूगलची फुकटची जागा 15 जीबी असते. त्यात फोटो, मेल आणि आता व्हॉट्सअ‍ॅपची प्रतही मोजली जाते. जागा भरली की प्रत निघणे थांबते, म्हणून मधूनमधून बघत जावे. प्रत निघालेला फोटो गूगल फोटोजमधून काढून टाकला तर खात्यातूनही जातो, तेव्हा अगदी जवळचे फोटो आणि आवाज पेनड्राइव्हवरही घ्यावेत. फोनला लावायची ओटीजी पिन बाजारात सहज मिळते. खात्याचा पासवर्ड वहीत लिहून वही ट्रंकेत ठेवावी आणि ओटीपी कुणालाही सांगू नये.

आईचे ते अकरा निरोप आता अक्काच्या फोनात आहेत, आमच्या खात्यात आहेत आणि एका पेनड्राइव्हवर आहेत. तो पेनड्राइव्ह दाखल्यांच्याच पिशवीत बांधून आम्ही गावी भावाकडे दिला आहे. वाचकहो, तुमच्याही फोनात कुणाचा तरी आवाज असेल. आज रात्री जेवणे झाल्यावर पोरांना जवळ बसवा आणि हे काम करून घ्या. आणि ते माणूस अजून असेल, तर त्याचा निरोप पुरता ऐका.