ओटा आणि अंदाजपत्रक

माणसाच्या उंचीचा आणि त्याच्या स्वयंपाकघराचा काही संबंध असतो, ही गोष्ट घरे बांधणाऱ्यांच्या लक्षात फारशी येत नाही. ते दिवाणखान्याला मोठी खिडकी देतात, निजण्याच्या खोलीला गॅलरी देतात, आणि मग उरेल त्या चौकोनात 'किचन' असे लिहून मोकळे होतात. आमच्या वाट्याला आलेला हा चौकोन ९ फूट बाय ७ फूट आहे. कोथरूडमधल्या तीन मजली इमारतीतला हा ब्लॉक आमच्या सासऱ्यांनी १९८४ साली घेतला. (आता त्याला फ्लॅट म्हणतात, सासूबाई अजून ब्लॉकच म्हणतात.) मी या घरात १९८६ साली सून म्हणून आले, तेव्हापासून याच चौकोनात माझी सकाळ आणि संध्याकाळ गेली आहे. दुपार शाळेत जाई, म्हणून त्या दुपारी मला कधी जड वाटल्या नाहीत.

काळ्या कडप्प्याचा तो ओटा २०२५ सालापर्यंत तसाच होता. त्यावर लिंबाचे, चिंचेचे आणि आमसुलाचे इतके पांढुरके डाग होते की एखाद्या देशाचा नकाशा म्हणून तो वर्गात टांगता आला असता. कडप्पा हा चुनखडीचा दगड. आंबट पडले की तो खाल्ला जातो. मोरीकडच्या भिंतीच्या फरशा पोकळ वाजत. खालच्या फडताळांची दारे ओल लागून फुगली होती, आणि त्यातले एक दार उघडण्यासाठी दुसरे आधी बंद करावे लागे. पाहुण्या बायकांना ही युक्ती मी दारातच सांगून ठेवी.

मग इतकी वर्षे ते दुरुस्त का केले नाही? या प्रश्नाचे उत्तर आजच्या पुण्यात आणि मुंबईत एका शब्दात देता येते : रीडेव्हलपमेंट. आमच्या सोसायटीत हा विषय प्रथम निघाला २०१६ साली. 'दोन वर्षांत इमारत पाडायची आहे, आता कुणी खर्च करू नका,' असे एका सभासदाने सभेत सांगितले आणि सर्वांनी माना डोलावल्या. त्यानंतर एक बिल्डर आला, गेला. दुसरा आला, त्याने पेढे वाटले, तोही गेला. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला दोन-तृतीयांश सभासद हजर असावे लागतात. आमच्या सोसायटीचे दोन-तृतीयांश सभासद एका वेळी फक्त कोजागिरीच्या दुधाला हजर असतात. त्यामुळे इमारत पडत नाही, आणि पडणार म्हणून तिच्यात कुणी खिळाही ठोकीत नाही. २०१६ साली सासूबाई ७७ वर्षांच्या होत्या आणि होळीला उभ्याने पुरणपोळ्या करीत होत्या.

गेल्या मार्गशीर्षात मी विषय काढला, तेव्हा आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे वही काढली. ठेकेदाराकडून आलेला पहिला आकडा २,९४,००० रुपयांचा होता. त्यात अडीअडचणीसाठी दहा टक्के धरायचे, हा ह्यांचा बँकेतल्या नोकरीपासूनचा नियम. झाले ३,२३,४००. मग ह्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "इमारत तीन वर्षांनी पडली असं धरू. वर्षाला १,०७,८०० रुपये. महिन्याला जवळजवळ नऊ हजार. म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरात आपण नऊ हजार भाडं देऊन राहायचं!"

भागाकार बिनचूक होता. बँकेतल्या माणसाच्या भागाकारात चूक काढण्याच्या भरीस मी कधी पडत नाही. मी भाजक कोणता घेतला ते पाहते. या भागाकारात तीन वर्षे होती, आणि ती इमारतीची होती. सासूबाईंची वर्षे त्यात कुठेच नव्हती.

सासूबाई १९५९ साली लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या वाड्यात आल्या. तिथे स्वयंपाक बसून होई. पाटावर बसले की उजव्या हाताला पाण्याचा घडा, डाव्या हाताला पिठाचा डबा, समोर चूल, आणि मागे वळले की विळी. त्या सांगतात की एकदा पाटावर बसल्या की पंगत उठेपर्यंत त्यांना उठावे लागत नसे. धूर होता, डोळे चुरचुरत, ते त्या नाकारीत नाहीत; पण हाताला सगळे लागत असे. वयाच्या ४५ व्या वर्षी या ब्लॉकमध्ये आल्या आणि त्यांना ओट्यापुढे उभे केले गेले. उंची ४ फूट ९ इंच. ओटा ३२ इंच. ओटा कोपराच्या चार-सहा इंच खाली असला म्हणजे हात दुखत नाहीत असे जाणकार म्हणतात. त्यांना तो ओटा उंचच वाटे. तरीही त्यांनी चाळीस वर्षे त्याच्यापुढे काढली, तीही टाचा उंचावून.

आता गुडघे थकले. खाली बसायला डॉक्टरांची मनाई, आणि उभे राहवत नाही दहा मिनिटांपलीकडे. तेव्हा गेली दोन वर्षे भाजी निवडायला त्या दिवाणखान्यातल्या टेबलापाशी बसत. तिथून त्या मला हाका मारीत, मी फोडणीच्या आवाजात 'काय हो?' विचारी, आणि त्या 'काही नाही' म्हणत. मग हळूहळू हाका कमी झाल्या. एके दिवशी आज भाजी काय करू असे मी विचारले, तर म्हणाल्या, "मला काय, तू आणून देशील ते खाईन." ज्या बाईने चार दशके या घरातल्या आमटीचे मीठ ठरवले, तिच्या तोंडून हे वाक्य मला ऐकवेना. मार्गशीर्षात मी विषय काढला तो त्या वाक्यामुळे. फडताळाचे दार हे ह्यांना सांगण्याचे निमित्त.

माझी मागणी साधी होती. खिडकीखाली अडीच फूट रुंदीचा ओट्याचा तुकडा २८ इंचांवर घ्यायचा, म्हणजे लिहिण्याच्या टेबलाच्या उंचीचा; आणि त्याच्या खाली काही बसवायचे नाही, म्हणजे खुर्ची आत सरकून गुडघ्यांना जागा होईल. बाकीचा ओटा माझ्या उंचीला ३४ इंच.

ठेकेदाराला हे अजिबात पटले नाही. "काकू, खाली अडीच फूट जागा फुकट जाईल. तिथं तेलाच्या बाटल्यांची ट्रॉली झकास बसते. आणि ओटा असा खालीवर केला तर उद्या घर विकताना गिऱ्हाईक नाक मुरडतं." विकण्याचा प्रश्न ह्यांनी परस्पर निकालात काढला : "विकायचं कुठं, पाडायचंच आहे!" पण आधुनिक स्वयंपाकघरात खुर्ची शोभत नाही, हा ठेकेदाराचा मुद्दा कायम होता.

त्याला मी फ्रँकफुर्टची हकीकत सांगितली. १९२६ साली त्या शहरात नगरपालिकेने कामगारांसाठी घरांच्या वसाहती उभारल्या, तेव्हा मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखले. १.९ मीटर बाय ३.४ मीटर; म्हणजे आमच्यापेक्षा अरुंद आणि थोडे लांब. बाईच्या पावलांचा हिशेब करून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसवली गेली, आणि आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही पणजी. आता या पणजीच्या खिडकीखाली काय होते? बसून काम करण्याच्या बेताचा ओटा आणि फिरते स्टूल! या बाईंनी पुढे सांगूनही टाकले की तो नकाशा आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केला नव्हता. तरी त्यांना खुर्ची सुचली. त्यांच्या खोलीत एकीलाच वावरता येई, दुसरी आली की अडचण, अशी तक्रार मात्र तिथल्या बायका करीत, आणि ती रास्त होती. आमच्याकडे तर मुळात दोघींसाठी जागा करायची होती.

ठेकेदार म्हणाला, "बरं काकू, तुमचं घर, तुमचा ओटा." एवढी संमती मला पुरेशी होती.

राहिले पैसे. आमची मर्यादा २,५०,००० ची. तेवढीच एक ठेव एप्रिलमध्ये पुरी होत होती आणि दुसऱ्या ठेवीला हात लावायचा नाही असे ठरले होते. तेव्हा मी ह्यांच्या वहीला ह्यांच्याच पेन्सिलीने कात्री लावली. जमीन उखडायची नाही. १९८४ ची मोझेक फरशी अजून शाबूत आहे, आणि इमारतीबरोबर जे जाणार त्यात पैसा पुरून ठेवण्यात अर्थ नाही, हे ह्यांचे म्हणणे मी इथे मान्य केले. गवंडीकाम आणि फरशा ४८,००० वरून २६,००० वर आल्या. शेगडी जुनीच ठेवली आणि चिमणीऐवजी ३,००० चा धूर ओढणारा पंखा घेतला, तिथे २१,००० वाचले. वरची लोंबती कपाटे रद्द केली, कारण त्यांच्यापर्यंत सासूबाईंचा हात पोचणार नव्हता आणि दहा वर्षांनी माझाही पोचणार नाही; ते २४,००० सुटले. आणि खिडकीखालची एक ट्रॉली गेली, तिचे १४,००० वजा.

या वजाबाकीचा उपयोग मला अनपेक्षित ठिकाणी झाला. सासूबाईंना बेत कळला तेव्हा त्या रागावल्या. "माझ्यासाठी कशाला खर्च करता? मी अशी किती दिवसांची?" मी वही त्यांच्यापुढे धरली आणि 'खिडकीखालचा ओटा' या ओळीपुढचा उणे आकडा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे केला तर चौदा हजार वाचतात?" "हो." "मग करा की! विचारायचं काय त्यात?" ज्या बाईने दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून विकल्या, तिला खर्चासाठी राजी करणे अशक्य आणि बचतीसाठी अनावश्यक असते.

बेरीज आता २,१३,००० झाली. दहा टक्क्यांचे २१,३०० धरून २,३४,३००. यात आणखी एक रक्कम मी घातली, जी कुठल्याही ठेकेदाराच्या कागदावर नसते : स्वयंपाकघर उखडलेले असताना घरातली माणसे काय खाणार? अठरा दिवस, तीन माणसे, दोन वेळा, डबा ९० रुपये, ९,७२० रुपये. सगळे मिळून २,४४,०२०. ह्यांनी वहीच्या खाली सही केली. नोकरीतली सवय!

मालाच्या खरेदीबद्दल थोडे सांगते, कारण दुकानांतून ऐकू येणारे 'वॉटरप्रूफ' आणि 'ओरिजिनल' हे शब्द पाण्यासारखे स्वस्त आहेत. प्लायवुडवर आय.एस. ७१० असा शिक्का असेल तर ते पाण्याला टिकणारे मरीन प्लाय, आय.एस. ३०३ हा साध्या कामाचा माल. मी प्रत्येक फळी उलटी करून शिक्का पाहिला. दुकानातला मुलगा कंटाळला. ट्रॉल्यांच्या पोलादाचीही अशीच गंमत. ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी, म्हणून ते स्वस्त आणि ओलीत लवकर गंजते. 'लोहचुंबक लावून पाहा' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण साधारणपणे या दोन्ही जाती चुंबकाला दाद देत नाहीत, तेव्हा त्या परीक्षेत दोन्ही पास! बिलावर जात लिहून घ्यावी, हे उत्तम. कोरड्या डब्यांच्या ट्रॉल्यांना मी २०२ घेतले आणि सिंकजवळच्या दोन ट्रॉल्यांना ३०४.

काम २१ एप्रिलला सुरू झाले. पहिल्या घणाने कडप्पा फुटला तेव्हा सासूबाई आतल्या खोलीत जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी दहा टक्क्यांचे महत्त्व कळले : भिंतीतला लोखंडी पाइप सडून चाळणी झाला होता. त्याला ११,४०० लागले, आणि ओल्या भिंतीचा गिलावा आपणहून खाली आला त्याला ६,२००. गॅसची नळी हलवण्यासाठी कंपनीचाच माणूस यावा लागतो, त्याची तारीख मी पंधरा दिवस आधी घेऊन ठेवली होती, म्हणून ते अडले नाही. राडारोडा उचलणारा टेंपो मात्र चार दिवस 'निघालोच' म्हणत राहिला. डब्यातली आमटी सासूबाईंना रोज गोड लागे. सहाव्या दिवशी त्यांनी डबा आणणाऱ्या मुलाला थांबवून विचारले, "आईला सांग, गूळ निम्मा घाल." मी आतून ते ऐकले आणि काही बोलले नाही.

अठराचे वीस दिवस झाले. काळा ग्रॅनाइट बसला, खिडकीखाली खुर्ची सरकली. पहिल्या दिवशी सासूबाई तिथे येऊन बसल्या, दोन्ही कोपरे ओट्यावर टेकवून पाहिली, आणि मेथीची जुडी सोडली. मी त्यांच्याकडे पाठ करून पोळ्या लाटीत होते. मधे त्यांनी मागूनच सांगितले की तवा फार तापला आहे. तो तापलाच होता.

त्यानंतर त्यांनी मान वर करून छताकडे पाहिले. "दिवा चुकीच्या बाजूला आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताची सावली भाजीवर पडते. संध्याकाळी मला अळी कशी दिसायची?" वायरमनला पुन्हा बोलावले. एक लहान दिवा डाव्या अंगाला, ८५० रुपये. ह्यांनी तो 'किरकोळ' या सदरात घातला. मी खोडून 'खिडकीखालचा ओटा' या ओळीत घेतला. उणे चौदा हजारांतून साडेआठशे गेले, तरी बचत १३,१५० ची आहे, हे सासूबाईंना त्याच संध्याकाळी सांगून टाकले.